वाफ लावली नाही, म्हणजे उपचारच नाहीत?

पाऊस लागला की या सदराच्या टपालातही खोकला शिरतो. या वेळची बहुतेक पत्रं मुलांच्या श्वासासाठी हॉस्पिटलात जे जे करतात त्याबद्दल आहेत : वाफ (म्हणजे नेब्युलायझर), ऑक्सिजन, सीपॅप, व्हेंटिलेटर. सारख्या पत्रांना एकत्र उत्तर दिलं आहे. काहींनी एक्स-रेचे फोटो जोडलेत. मूल न पाहता नुसता एक्स-रे वाचणं मला जमत नाही, तेवढं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

“माझा नातू पाच महिन्यांचा. मुलगा-सून इंग्लंडला, लेस्टरमध्ये असतात. बाळाला ब्रॉन्किओलायटिस झाला म्हणून चार दिवस ॲडमिट होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी आणि दुसऱ्या नळीने दूध, बस्स. ना वाफ, ना अँटिबायोटिक, ना सलाईन. इथे शेजारच्या बाळाला हेच झालं तेव्हा दिवसातून सहा वेळा वाफ दिली. तिकडे उपचारच करत नाहीत का?” – एक आजी, सांगली

आजी, तुमच्या नातवावर उपचार झाले आणि चांगले झाले. ते दिसले नाहीत, एवढंच.

ब्रॉन्किओलायटिस म्हणजे फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनलिकांना आलेली सूज. दोन वर्षांखालच्या मुलांचा हा आजार, आणि बहुतेक वेळा तो आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. दम्यामध्ये नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात. सालबुटामॉल या औषधाची वाफ ते स्नायू सैल करते आणि मुलाला पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटतं. इथे अडचण स्नायूंची नसतेच. नलिकेचं आतलं अस्तर सुजलेलं असतं आणि मेलेल्या पेशी नि चिकट स्राव यांनी ती बुजलेली असते. मग स्नायू सैल करणाऱ्या औषधाने काय करायचं? आजार विषाणूचा, म्हणून अँटिबायोटिकचाही उपयोग नाही. स्टिरॉइडनेही फरक पडत नाही. इंग्लंडमध्ये ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांवर दवाखाने चालतात. तिने २०१५ साली या आजारासाठी ही तिन्ही औषधं देऊ नका, असं स्पष्ट लिहिलं.

बाळांनाच एवढा त्रास का होतो, तेही सांगते. तान्ह्या बाळाची मुख्य श्वासनलिका साधारण चार मिलिमीटर रुंद असते. तिच्या आत चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की वाट राहते दोन मिलिमीटर, आणि हवा ओढायला लागणारा जोर सोळा पटींनी वाढतो. तुमच्या-माझ्या नलिकेत तेवढीच सूज आली तर घसा खवखवतो आणि आपण कामाला जातो. त्यात बाळाच्या बरगड्या मऊ आणि आडव्या, श्वासाचा सगळा भार पोटाच्या पडद्यावर. म्हणून ते थकतं.

तेव्हा उपचार म्हणजे त्याचा थकवा वाचवणं. लहान बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, म्हणून नाक मोकळं ठेवायचं. रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली राहू लागला (सहा आठवड्यांखालच्या बाळात ९२ टक्क्यांखाली) तर ऑक्सिजन द्यायचा. मिनिटाला सत्तर श्वास घेणाऱ्या बाळाला चोखणं आणि श्वास यांचा मेळ घालता येत नाही, दूध श्वासनलिकेत जायची भीती असते; म्हणून नाकातून पोटात नळी घालून थोडं थोडं दूध. आणि उगाच सारखं उचलायचं नाही, टोचायचं नाही, रडवायचं नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आजार टोकाला जातो, मग उतरतो. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. सुनेला सांगा, त्याने घाबरू नये.

शेजारच्या बाळाला सहा वेळा वाफ का दिली? काही बाळांमध्ये दम्याचाच प्रकार असू शकतो, म्हणून एखादा डॉक्टर एकदा देऊन बघतो आणि फरक नाही म्हणून थांबवतो. त्यात गैर काही नाही. पण ‘चालू ठेवा’ असं केसपेपरवर लिहिलं की ती पाच दिवस चालूच राहते, आणि याला आम्ही डॉक्टर जितके जबाबदार तितकेच, रागावू नका, ‘अजून काहीच चालू केलं नाही’ म्हणणारे नातेवाईकही. वाफ, सलाईन, इंजेक्शन असं काही डोळ्यांना दिसलं की बिल पटतं. श्वास मोजत बसलेली सिस्टर बिलात कुठे दिसते?

सुनेला पुन्हा दिवस गेले तर आणखी एक. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२४पासून गरोदर बायकांना अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून आरएसव्हीची लस सरकारी खर्चाने मिळते. आईत तयार झालेलं संरक्षण बाळाला जन्मतः मिळतं. तिला विचारून ठेवायला सांगा.

“मुलगी अडीच वर्षांची. बालदमा सांगितलाय, दोनदा ॲडमिट केलं. मास्क लावला की आकांत करते. एक सिस्टर म्हणाल्या, रडू द्या, रडली की औषध जास्त आत जातं. दुसऱ्या पाळीच्या सिस्टर मास्क तोंडापासून चार बोटं लांब धरायला सांगतात. खरं कोणाचं? आता घरी पंप दिलाय, पण सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागते.” – एक आई, जालना

दोघींचंही नाही. रडणारं मूल लांबलचक श्वास सोडतं आणि मध्येच एक छोटा, जोरदार हुंदका घेतं. त्या वेगात औषधाचे थेंब घशावर आपटतात आणि गिळले जातात. मास्क लांब धरला तर मुलगी शांत राहते खरी, पण औषध खोलीतल्या सगळ्यांना वाटलं जातं. बोटभर फट राहिली तरी बराचसा भाग वाया जातो.

असं करून बघा. तिला मांडीवर बसवा, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, पाठीचा कणा सरळ. आडवं निजवून नको. आधी नुसता मास्क तिच्या हातात द्या, बाहुलीला लावू द्या, तुम्ही लावून दाखवा. मग नाकाच्या दांड्यापासून हनुवटीपर्यंत तो टेकेल असा धरा. औषधाचा कप उभा असला पाहिजे, तिरका झाला की तळाशी औषध तसंच राहतं. मास्कच्या भोकांतून येणारा धूर ती श्वास घेते तेव्हा आत ओढला जातो आणि सोडते तेव्हा बाहेर येतो. हा खेळ दिसला की समजा बरोबर चाललंय. धूर सतत एकसारखा बाहेरच वाहत असेल तर मास्क बसलेला नाही. कपात औषध आणि सलाईन मिळून तीन-चार मिलिलिटर, आठ-दहा मिनिटं. शेवटी फुरफुर आवाज येऊ लागला की कपाला एक टिचकी मारायची, पुन्हा फुरफुरला की थांबवायचं.

वॉर्डात असाल तर भिंतीवरच्या काचेच्या नळीतली गोळीही बघा. ऑक्सिजनवर वाफ देताना ती सहा ते आठ लिटरवर हवी. बऱ्याचदा आधी चालू असलेल्या ऑक्सिजनची दोन लिटरवरची गोळी कोणी हलवतच नाही. धूर दिसतो, पण थेंब मोठे पडतात आणि फुप्फुसाच्या खोल भागात पोचत नाहीत. सिस्टरला नम्रपणे विचारलंत तर त्या रागावणार नाहीत. रागावल्या तरी विचारा.

आता पंप. स्पेसर नावाची प्लॅस्टिकची नळी आणि मास्क लावून दिलेला पंप, दम्याचा ॲटॅक फार तीव्र नसेल तर, नेब्युलायझरइतकाच काम करतो, तेही दोन मिनिटांत, विजेशिवाय. पंप हलवायचा, एक पफ स्पेसरमध्ये सोडायचा, मास्क चेहऱ्याला टेकवून तिला पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे. मग पुन्हा हलवून दुसरा पफ. दोन पफ एकदम मारू नका. स्पेसर आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. कुठे लांब गावी असताना स्पेसर हाताशी नसेल तर, दक्षिण आफ्रिकेत डॉ. हेदर झार यांनी १९९९ साली दाखवलं की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला पंप नीट बसेल असं भोक पाडलं तरी काम तितकंच चांगलं होतं.

सासूबाईंना हिशेब सांगा. सालबुटामॉलच्या पातळ औषधाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, त्यात साधारण दोन मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका चमच्यात वीस पफ. तो चमचा पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जातो; हात थरथरतात, छाती धडधडते, मूल झोपत नाही. पफ लागतो तिथे जातो. सवय कशानेच लागत नाही. रोजचा पंप स्टिरॉइडचा असेल तर घेतल्यावर चूळ भरायला लावा आणि मास्क टेकतो तेवढा चेहरा पुसा. आणि आराम देणारा पंप चार तासांच्या आत पुन्हा लागू लागला तर घरी थांबू नका.

“मुलाला न्यूमोनिया झाला होता. आम्ही मोठ्या हॉस्पिटलात होतो, तरी पाठ थोपटायची फिजिओथेरपी दिली नाही. कफ आत राहिला असेल का?” – एक वडील, वसई

नाही राहिला. साध्या न्यूमोनियात पाठ थोपटल्याने मूल लवकर बरं होतं असं दिसलेलं नाही, आणि दमलेल्या मुलाला पालथं घालून थापट्या मारणं त्याला दमवतंच. ही थेरपी ज्यांना खरंच लागते ती मुलं वेगळी : सिस्टिक फायब्रोसिसची, स्नायूंच्या आजारामुळे जोराने खोकता न येणारी, किंवा फुप्फुसाचा एखादा भाग कफाने बुजून मिटलेला असेल ती. त्यांच्यासाठी फिजिओथेरपिस्ट हा वॉर्डातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस असतो.

छातीत पू होऊन नळी घातलेल्या मुलांनाही श्वासाचे व्यायाम लागतात, पण तिथे थापट्यांपेक्षा साबणाचे फुगे जास्त कामाचे. तीन गोळ्यांचं ते स्पायरोमीटर सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना जमतं, आणि त्यात बहुतेक मुलं फुंकतात. ते ओढायचं असतं! त्याहून लहानांना फुगे, पिपाणी, टेबलावर कापूस फुंकण्याची शर्यत. आणि नळीची बाटली हातात धरून वॉर्डात चालणं. दुखतं म्हणून मूल निजून राहतं, आई म्हणते राहू दे. तिथे मी आईचं ऐकत नाही.

“माझं बाळ एकतिसाव्या आठवड्यात झालं, दीड किलोचं. एसएनसीयूमध्ये (नवजात बाळांच्या विशेष कक्षात) त्याच्या नाकाला नळ्या लावल्यात आणि पाण्याच्या बाटलीत सारखे बुडबुडे येतात. काचेतून तेवढंच दिसतं. कोणी म्हणतं ऑक्सिजनने बाळं आंधळी होतात. मला झोप लागत नाही.” – एक आई, धुळे

ताई, आधी बाटलीचं. त्याला बबल सीपॅप म्हणतात. तुमच्या बाळाची फुप्फुसं वेळेआधी कामाला लागलीत. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या श्वास सोडल्यावर मिटू नयेत म्हणून आतून एक द्रव लागतो, सर्फॅक्टंट. तो अजून पुरेसा तयार झालेला नाही. म्हणून प्रत्येक श्वासाला बाळाला मिटलेल्या पिशव्या नव्याने उघडाव्या लागतात. अशी बाळं कण्हतात ती उगाच नव्हे : श्वास सोडताना घसा अर्धवट मिटून ती आतली हवा अडवून धरायचा प्रयत्न करत असतात. सीपॅप तेच काम बाळाकडून काढून घेतो. हवा नाकातून आत जाते, बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक पाण्यात बुडवलेलं असतं. पाच सेंटिमीटर बुडवलं तर फुप्फुसात पाच सेंटिमीटर पाण्याएवढा दाब टिकून राहतो. बुडबुडे म्हणजे दाब पोचतोय. ते थांबले तर कुठेतरी गळतंय : नाकातली नळी सरकली असेल किंवा बाळाचं तोंड उघडं असेल. सिस्टर येता-जाता बाटलीकडे बघतात त्या यासाठी.

काच ओलांडून आत जाऊ देतील तेव्हा घाबरू नये म्हणून दोन गोष्टी सांगते. पोट जरा फुगलेलं दिसेल; हवा पोटातही जाते, ती काढायला तोंडातून एक नळी उघडी ठेवलेली असते. आणि नाकाच्या मधल्या पडद्याला नळी घासू नये म्हणून तिथे किंचित मोकळी जागा ठेवावी लागते, त्यासाठी सिस्टर सारखी टोपी आणि पट्ट्या नीट करत असतात. तो त्रास देणं नाही.

हे तंत्र सॅन फ्रान्सिस्कोतल्या डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ साली जगापुढे मांडलं. त्याच्या आठ वर्षं आधी, ऑगस्ट १९६३मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेचौतिसाव्या आठवड्यात जन्मला, म्हणजे तुमच्या बाळापेक्षा साडेतीन आठवडे मोठा होऊन. याच आजाराने तो ३९ तासांत गेला. पैसा, डॉक्टर, विमान, सगळं होतं. ही बाटली नव्हती. पुढे सर्फॅक्टंटही बाहेरून देता येऊ लागलं. आणि बाटली महाग असावी लागते असंही नाही. ढाक्यात डॉ. मोहम्मद जोबायर चिश्ती यांनी शॅम्पूच्या रिकाम्या बाटलीतून असाच दाब तयार करून न्यूमोनियाच्या मुलांना दिला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नुसत्या ऑक्सिजनवरच्या मुलांपैकी १५ टक्के दगावली, बबल सीपॅपवरच्यांपैकी ४ टक्के.

डोळ्यांची भीती मात्र निराधार नाही, आणि ती तुम्हाला कोणी नीट समजावली नाही याचं वाईट वाटतं. १९४०-५०च्या दशकांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पेटीत भरपूर ऑक्सिजन सोडत, आणि त्यातली हजारो आंधळी झाली. गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच. डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या अजून वाढत असतात, जास्त ऑक्सिजनने ती वाढ बिघडते. म्हणून आता ऑक्सिजन मोजून देतात : बाळाच्या पायाला लावलेल्या यंत्रावर आकडा ९० ते ९५च्या मध्ये ठेवतात. १०० दिसला की आपल्याला आनंद होतो, सिस्टर मात्र ऑक्सिजन कमी करते, आणि तेच बरोबर. तरीही ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तज्ज्ञाने तपासलाच पाहिजे. त्याच्या आत डिस्चार्ज मिळाला तर तारीख कार्डावर लिहून घ्या. बाळ छान दिसतंय, दूध पितंय, म्हणून ही तारीख चुकवू नका. वेळेत सापडलं तर लेसरने दृष्टी वाचते. या सगळ्या पत्रातलं हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल.

आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीशी धरा. सीपॅप चालू असतानाही धरता येतं. विचारा.

“नातीला व्हेंटिलेटरवर घातलं तेव्हा गावाकडून फोन यायला लागले, आता काढून घरी आणा म्हणून. ती अकरा दिवसांनी बरी होऊन आली. पण लोक असं का म्हणतात?” – एक आजोबा, रत्नागिरी

कारण मोठ्यांच्या आयसीयूत त्यांनी जे पाहिलंय ते तसं असतं. थकलेलं हृदय, निकामी मूत्रपिंड, ऐंशी वर्षांचं शरीर, आणि शेवटी व्हेंटिलेटर. मुलांचं गणित वेगळं आहे. बहुतेक मुलांच्या बाबतीत बिघाड एकाच ठिकाणी असतो आणि तो सुधारणारा असतो. यंत्राने तोवर वेळ काढायचा.

मुळात या यंत्राचा इतिहासच मुलांपासून सुरू होतो. १९२८ साली बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात लोखंडी पेटीतलं श्वसनयंत्र पहिल्यांदा वापरलं ते पोलिओ झालेल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, पेट्या पुरेनात. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. यंत्र नव्हतंच. सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्‌महिने मुलांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या, आणि मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजचे आयसीयू तिथून निघाले.

आता नळीपर्यंत जाण्याआधी मधल्याही पायऱ्या आहेत. नाकातून गरम, ओलसर हवेचा जोराचा झोत देतात, साधारण किलोमागे मिनिटाला दोन लिटर, म्हणजे सहा किलोच्या बाळाला बारा. त्यावर निभावलं तर नळी टळते. नळी घातलीच तर ती स्वरयंत्रातून जाते, म्हणून मूल रडलं तरी आवाज येत नाही. आईबापांना ते बघवत नाही, हे खरं. पण मुलाला गुंगीत ठेवलेलं असतं, आणि तुमचा आवाज त्याला ऐकू येतो असं समजूनच आम्ही बोलायला सांगतो.

“नवजात बाळाला अंघोळीनंतर ओवा-वेखंडाची धुरी, नाकात दोन थेंब तेल, बोंडल्याने गुटी. आमच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. डॉक्टर मंडळी सगळ्यालाच नाही म्हणतात. मग आमची मुलं जगली कशी?” – एक वाचक, वाई

जी जगली ती पत्र लिहितात. तुमची मालिश, कोवळं ऊन, बाळाला घट्ट गुंडाळून जवळ घेणं यांतल्या कशालाच माझी ना नाही. तीन गोष्टींना आहे.

बंद खोलीतली धुरी म्हणजे चुलीचा धूरच, त्याला सुगंध असला तरी. बाळाच्या नलिकेची रुंदी वर सांगितलीच आहे. डासांची कॉइल आणि घरातली विडी-सिगारेट यांचंही तेच. नाकात तेल घातलं तर ते खोकला न येता हळूच फुप्फुसात उतरतं आणि तिथेच बसतं. त्याचा न्यूमोनिया अँटिबायोटिकने बरा होत नाही. आणि रडणाऱ्या बाळाचे हात-पाय धरून, मान मागे करून बोंडलं ओतणं, यासारखी श्वासनलिकेत दूध घालायची दुसरी सोपी पद्धत मला माहीत नाही. दूध काढून द्यायचंच तर वाटी-चमच्याने, बाळ जागं आणि अर्धवट उभं असताना.

उकळत्या पाण्याच्या वाफेचंही याच पत्रात विचारलंय. मुलांच्या खोकल्याला तिचा उपयोग दिसत नाही, पण पातेलं कलंडून भाजलेली मुलं दर पावसाळ्यात येतात. नेब्युलायझरची ‘वाफ’ गरम नसतेच. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवा हवी तर. कापूर मात्र नको. एखादी वडी पोटात गेली तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. आणि धाप लागलेल्या बाळाला ‘डबा झाला’ म्हणून पोटावर बिब्बा घालणं, चटके देणं, याबद्दल मी हसत-खेळत लिहू शकत नाही. त्यात जातो तो वेळ बाळाचा असतो.

“मी आशा सेविका आहे. माझ्याकडे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. परवा एका वर्षाच्या मुलावर ते ८८ दाखवत होतं, हलवलं तर ९७. कशावर विश्वास ठेवायचा?” – नंदुरबार जिल्हा

मुलाच्या छातीवर. मोठ्यांचं चिमट्याचं यंत्र एक वर्षाच्या बोटावर बसत नाही. पायाच्या अंगठ्यावर लावून बघा, पाय थंड असेल तर आधी चोळून गरम करा. यंत्रावर नाडीचाही आकडा येतो. तो मुलाच्या हृदयाच्या ठोक्यांशी जुळला आणि आकडा अर्धा-एक मिनिट स्थिर राहिला, तरच ऑक्सिजनचा आकडा खरा धरा.

पण त्याच्या आधी झबलं वर करा आणि मूल शांत असताना, आईच्या कुशीत, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. मग बघा : श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत खेचला जातोय का, नाकपुड्या फुलताहेत का, कण्हतंय का, अंगावर पितंय का. अंगावर पीत नसेल, सारखं झोपेत असेल, झटका आला असेल, ओठ निळसर असतील किंवा खरा आकडा ९०च्या खाली असेल, तर मोजत बसू नका, १०८ला फोन करा.

हे मोजणं तुम्हाला साधं वाटेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि न्यूमोनियावर औषध द्यायला शिकवलं. बालमृत्यू घटले, १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ज्या सुईणींना साठपर्यंत आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी एक मणीयंत्र केलं : एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तुमच्याकडे मोबाइलचं घड्याळ आहे, म्हणजे तुम्ही पुढेच आहात. न्यूमोनियाची पीसीव्ही लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, हे तुम्हाला पाठच असेल. नवव्या महिन्याचा डोस राहून जातो, तेवढा बघा.

“मुलगा दोन वर्षांचा. महिनाभर खोकला, मधूनमधून घरघर. दोन ठिकाणी दमा सांगितला, वाफेने फरक नाही. एक्स-रे नॉर्मल. त्याआधी कधी दमा नव्हता. एका लग्नात चिक्की खाताना ठसका लागला होता, तेव्हापासूनचंच आहे असं आईला वाटतं.” – फोंडा, गोवा

आईला वाटतं ते बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. शेंगदाण्याचा तुकडा श्वासनलिकेत अडकला की पहिल्यांदा जोराचा ठसका लागतो, मग मूल शांत होतं आणि सगळे विसरतात. शेंगदाणा एक्स-रेवर दिसत नाही, म्हणून ‘नॉर्मल’चा अर्थ फारसा नाही. डॉक्टरांना मुद्दाम विचारा, हवा एका बाजूला कमी जाते का, घरघर एकाच बाजूला आहे का. ठसक्याची हकिकत तारखेसकट सांगा. दोन ठिकाणी ती बहुधा सांगायची राहिली, किंवा कोणी विचारलीच नाही. अशा वेळी पुढच्या तपासण्यांच्या निकालाची वाट न बघता श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहावं लागतं, आणि तुकडा असला तर त्याच वेळी काढता येतो. तुम्हाला बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) जवळ आहे, बालरोग विभागात दाखवा. वाफ बंद करायची की नाही ते तिथेच ठरू द्या. तोवर पाठीत धपाटे घालणं किंवा घशात बोट घालणं नको. तुकडा जागचा हलून मुख्य नलिकेत आला तर जास्त वाईट. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, काजू, फुटाणे देऊच नका, कूट करून द्या. आणि दुर्बिणीसाठी भूल द्यावी लागते, तेव्हा निघताना त्याला किती वेळापासून उपाशी ठेवायचं ते फोन करून विचारून घ्या, नाहीतर एक दिवस फुकट जाईल.